एक जूनची जन्मतारीख

बलभीम गुरुजींच्या हाताखालून गेलेल्या पोरांना वाढदिवस विचारायची सोय नाही. सगळ्यांचा एकच, एक जून. नाव घालायला आलेल्या आईला तारीख कुठली ठाऊक? "पेरणीच्या आदी झालं," एवढंच सांगायची. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, लिहा एक जून. साऱ्या लोहारा तालुक्यात हीच रीत होती, त्याचा दोष एकट्या गुरुजींच्या माथी कशाला मारायचा? पण अयोध्याचं तसं नव्हतं. तिथं दोष गुरुजींचाच होता, आणि तो त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होता.

दोन हजार चोवीसच्या जुलैत ती त्यांच्या दारात आली. धनगराची लेक, दहावी पास, सोलापूरच्या एका दवाखान्यात पेशंट सांभाळणारी. नवरा गेलेला, पोरगी करिश्मा बारावीला. टेकायच्या आधी ती गुरुजींच्या पाया पडली आणि पिशवीतून पासपोर्ट काढला.

"आखातात एका म्हातारीला सांभाळायचं काम लागलंय गुरुजी. करिश्माचं नर्सिंग त्याच्यावरच हाय. मेडिकल झालं, पोलिसाचा दाखला झाला. आन् आता एजंट म्हणतो, त्या घरच्यांना चाळिशी झालेली बाई नको, व्हिसाच काढणार न्हाईत. कागदावर म्या एक जूनला चाळिसाची झाले."

"बरं," गुरुजी म्हणाले.

"आय तर सांगायची, म्या दोन वर्सानं ल्हान हाय म्हणून. तुमी शाळेतल्या म्याडमला एवढंच सांगा, नजरचुकीनं झालं. रजिस्टरात दुरुस्ती झाली की पासपोर्टबी बदलतो म्हणं. वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय एजंट."

नजरचूक! गुरुजींना तर सगळं लख्ख आठवत होतं.

नव्वद साली शाळेचा पट दोनानं कमी पडत होता. साहेब तपासणीला यायचे होते. पट भरला नाही तर दुसऱ्या मास्तरची बदली ठरलेली, म्हणजे चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात. गुरुजी तेव्हा जवान होते आणि कामचुकारही होते, खोटं कशाला बोला. सकाळीच ते मेंढरांच्या वाड्यावर गेले. सिताबाईची चार वर्षांची पोर, अयोध्या, तिथं कोकरामागं पळत होती. तिचा हात काही कानाला पोचेना. गुरुजींनीच तिची मान वाकवली, बोटं ओढून कानाला टेकवली, आणि सिताबाईला म्हणाले, "पोर हुशार हाय, शाळेत पाठवा." पुढं भूकंपात शाळा पडली, पण रजिस्टर शाबूत निघालं. ते मातीत गेलं असतं तर बरं, असंही तेव्हा गुरुजींच्या मनात येऊन गेलं होतं.

दोघं शाळेत गेले. शिवरंजनी मॅडमनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांनी, रजिस्टर काढलं. अक्षर गुरुजींचंच, टपोरं आणि देखणं.

"नजरचूक झाली असं लिहून द्या गुरुजी. मी वर पाठवते."

अयोध्या आशेनं बघत होती. गुरुजींनी कागद घेतला. आणखी एक खोटं लिहून तिचं भलं होत असेल तर लिहावं, असंही वाटलं. मग त्यांनी लिहिलं, 'पट भरण्यासाठी मी जाणूनबुजून वय वाढवून लिहिले.' आणि ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. पुन्हा धीर झाला नसता.

मॅडमनी कागद फाइलीत लावला. "कागद जाईल पुढं," त्या म्हणाल्या. "पण शाळा सोडलेल्याची तारीख बदलायला महिनेच्या महिने जातात. नजरचूक लिहिली असती तरी वीस तारखेच्या आत होणार नव्हतं, अयोध्याताई."

सोलापूरची एसटी यायला वेळ होता. गुरुजी तिच्यासंगं स्टँडपर्यंत चालत गेले. तोंड लपवून घरी बसायचीही त्यांना लाज वाटली.

"तुझ्या लेकीच्या तोंडचा घास काढला म्या," ते म्हणाले. "माफी मागायलाबी तोंड न्हाय मला."

अयोध्यानं पासपोर्ट पिशवीत नीट ठेवला. "व्हिसाचं जाऊ द्या गुरुजी. दुसरं काम बघीन. मला एकच सांगा. समद्या वाड्यावरनं तुमी मलाच उचललं. आय मरेस्तोवर मेंढक्यांना सांगत हुती, गुरुजींना माझ्या पोरीत कायतरी दिसलं. काय दिसलं हुतं?"

'हुशारी' एवढा एक शब्द पुरे होता. तो गुरुजींच्या ओठावर आलाही.

"काय न्हाय, पोरी. पटाला दोन नावं कमी हुती. तू वाटेत सापडली."

एसटी आली. अयोध्या पायरीवर चढली. पाया पडायला काही ती वाकली नाही.

"मग बरं झालं," ती म्हणाली, "आय आदीच गेली."