संकल्पातलं गाव

आमचे गुरुजी मंत्रांइतकंच पत्त्याला जपत. पूजेच्या संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते देवाला सांगायचं असतं. सिडनीतले बरेच भटजी ‘ऑस्ट्रेलियाखंडे’ म्हणून तो विषय आटोपतात. गुरुजी मात्र यजमानाचं घर टूनगॅबी क्रीकच्या कुठल्या तीरावर आहे, हे आधी नकाशात पाहत. उन्हाळ्यात त्या क्रीकमध्ये बदकाचे पायही भिजत नाहीत, पण गुरुजींनी तिला गोदावरीच्या पंगतीला बसवलं होतं.

‘‘देव सर्वज्ञ आहे ना?’’ मी एकदा विचारलं.

‘‘आहे. पण आपण कुठे आहोत ते आपल्याला ठाऊक आहे का, हे तो तपासतो.’’ माणूस हाडाचा सॉफ्टवेअर टेस्टर. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसायचा.

कोविडात लग्नं-मुंजी पुढे गेल्या, मरणं गेली नाहीत. मुलांना भारतात जाता येईना, तेव्हा दिवसवार झूमवर होऊ लागले. आमची घरं पाठीला पाठ लावून. मधल्या कुंपणावरून गुरुजींनी मला कामाला लावलं. मी माझ्या स्वयंपाकघरात बसून लोकांना आत घ्यायचं आणि गोंगाट करणाऱ्यांना म्यूट करायचं. श्रद्धा नसलेल्या माणसाला धर्मात याहून मोठं अधिकारपद मिळत नसावं. दिवसा टेस्टिंग आणि संध्याकाळी तेरावं, असं महिनोन्‌महिने चाललं. ‘‘आज कोणाचे वडील?’’ असं ते विचारत, ते ‘आज भाजी काय?’ अशा थकल्या आवाजात.

त्यात मुग्धा आली. मूळची सांगलीची, वेल्समधल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, एकुलती एक. वडील सांगलीत गेले आणि तिला पोचता आलं नाही. निदान तेरावं आपल्या हातून व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. मुलीच्या हातून नको, असं घरातल्या मोठ्या काकांनी म्हटल्यावर तिथले गुरुजी मागे सरले. आमच्या गुरुजींनी फक्त विचारलं, ‘‘हात आहेत ना तिला?’’

अडलं ते तिच्या वेल्समधल्या गावावर. नावाच्या सुरुवातीला दोन ‘एल’, पुढे पुन्हा दोन. ‘‘सोपं आहे,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘कोल्हापुरातला ल्ह.’’

मुग्धाचा व्हॉइस मेसेज आला. ‘‘नाही गुरुजी, त्यात आवाज नाही, नुसता वारा आहे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि कडेने फुंकायचं. मला पेशंटनी शिकवलं. मी चुकले की एक आजोबा पायच उचलायचे नाहीत.’’

मग रोज सकाळी कुंपणापलीकडून शिटी न धरणाऱ्या कुकरसारखा आवाज येऊ लागला. आत वहिनींचा आवाज : ‘‘अहो, फुंकता काय सारखे! पलीकडचे कोविडच्या टेस्टला पाठवतील.’’

‘‘गुरुजी, यूके म्हणा आणि सुटा,’’ मी म्हणालो.

‘‘यूके हा पत्ता नाही रे, व्हिसा आहे.’’

तेराव्याला आमची संध्याकाळ होती, तिची सकाळ. तिने स्टीलच्या ताटात पिंड मांडले होते. दर्भ नव्हते म्हणून रस्त्याकडेचं गवत आणलं होतं. संकल्प सुरू झाला. गुरुजींनी गावाचं नाव घेतलं, देवनागरीत लिहायची सोय नाही इतकं बरोबर. मुग्धा हातात पळी धरून नुसतीच बसली.

‘‘चुकलं का गं?’’

‘‘नाही गुरुजी. एकदम बरोबर.’’ पळी खाली ठेवून ती म्हणाली, ‘‘बाबांना नाही यायचं. ते ‘लानेली’ म्हणायचे. मी दर वेळी हसायचे.’’

गुरुजींनी पुन्हा आचमन केलं आणि संकल्प पहिल्यापासून धरला. या वेळी स्वच्छ ‘लानेलीनगरे’ म्हणाले.

मोठे काका सांगलीहून गरजले, ‘‘अहो, आत्ता तर बरोबर म्हणालात! तिकडच्यासारखं!’’

‘‘काका, घर शोधायचंय कोणाला?’’

मुग्धा रडत होती, पण तिचे हात चालू लागले होते.

सीमा उघडल्या तसे गुरुजी आईला बघायला पुण्याला गेले, ते तिथेच राहिले. जाताना कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले, ‘‘फार माणसं पोचवली रे. आता थोडे दिवस कोणालाच नाही.’’

मुग्धाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला झूमवर नवे गुरुजी होते, लोकांना आत घ्यायला मात्र मीच. तोंडावर प्रखर दिवा, मागे स्वतःचा लोगो. ‘यूके देशे’ म्हणून ते भरधाव पुढे निघाले.

‘‘थांबा गुरुजी,’’ मुग्धा म्हणाली. ‘‘गाव राहिलं.’’

‘‘आलं ना ताई त्यात.’’

‘‘नाही आलं.’’

आणि तिने स्वतःच ते सांगितलं, बाबा म्हणायचे तसं. मग पाणी सोडलं.