धुतलेला कप आणि फोरेन्सिक

मुलुंडला माझा दादा वारला तेव्हा एक शब्द आमच्या घरात शिरला आणि महिनोनमहिने हललाच नाही. फोरेन्सिक. चहा पिता पिता दादा कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. चाळिशीचा माणूस, आजार काही नाही. म्हणून शवविच्छेदन झालं आणि पोटातले नमुने विषाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले.

त्यानंतर दादाला घरी आणून स्मशानात नेलं. आमच्या रीतीप्रमाणे प्रेत घराबाहेर पडलं की घर धुवायचं. शेजारच्या बायकांनी मदतीला येऊन लादी धुतली, भांडीही घासून टाकली. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. शेवटचा चहा कुठल्या कपात दिला, म्हणून विचारू लागला. कप मांडणीवर लख्ख होता. त्या संध्याकाळपासून सोसायटीच्या बाकावर एकच विषय: हिने एवढ्या घाईने कप का धुतला? हिने म्हणजे माझ्या वहिनीने. आणि विचारणाऱ्या त्याच बायका.

माझं डोकं फिरायचं. रिपोर्टसाठी पोलीस ठाण्यात खेपा, कामात लक्ष नाही, वहिनी तर जिना उतरेनाशी झालेली. एका दुपारी ऑफिसात बसून मी त्या शब्दाचा अर्थच शोधला. वाटलं होतं, काचनळ्या, रसायनं असलं काही निघेल. मूळ निघालं लॅटिन. फोरम म्हणजे जुन्या रोममधला भर चौक. तिथं बाजार भरायचा आणि खटलेही लोकांसमोर चालायचे. फोरेन्सिक म्हणजे त्या चौकातलं, चारचौघांत मांडायचं. विज्ञान त्याला मागाहून चिकटलं. आमच्या गावी अशा जागेला चव्हाटा म्हणतात. वाचून बरं वाटायच्या ऐवजी मला रागच आला. आमच्या बाकावर निकाल कधीच लागला होता, पुरावा अजून प्रयोगशाळेतच पडून होता.

अखेर रिपोर्ट आला. विष सापडलं नाही. मृत्यू हृदय बंद पडून. मी म्हटलं, "वहिनी, सुटलो गं. ठेव कपाटात."

"कपाटात कशाला?" ती म्हणाली. चप्पल घातली आणि खाली गेली. मीही मागोमाग धावले. बाकापुढे उभं राहून तिने तो कागद वाचला, आवाज न चढवता.

शेजारच्या काकी खाली बघत म्हणाल्या, "कप मीच धुतला होता गं."

"मला माहितीय, काकी," वहिनी म्हणाली. "मी तिथंच बसले होते ना. तुम्ही कधी सांगताय, त्याची वाट बघत होते."