देवयानीतला ठिपका आणि निमोण्याचे आप्पा

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी माझी पत्नी ललिता गेली. बुधवारपासून आमच्या दुर्बिणीला तपासनीस नव्हता.

एका संशोधन संस्थेची ही दुर्बीण निमोण्याच्या माळावर आहे. मी ती चालवतो. काम शेजारच्या दीर्घिकांत, मुख्यतः देवयानीत, नोव्हा शोधण्याचं. नोव्हा म्हणजे नवतारा, पण नाव फसवं आहे. तारा जुनाच असतो. जोडीदार ताऱ्याचा वायू त्याच्यावर साचत जातो, एक दिवस पेटतो, आणि एरवी न दिसणारा तारा काही दिवस ठिपक्यासारखा दिसतो. रात्रीचे फोटो आम्ही सकाळी जुन्या फोटोंशी ताडून पाहायचो. नियम असा, की शोधणाऱ्याने तपासायचं नाही. मी ठिपके शोधायचो, ललिता खोडायची. मेथी निवडता निवडता ती माझे चार-पाच नोव्हा मारायची आणि चहा टाकायची.

तिच्यामागे मी पाठवलेल्या दोन खबरा खोट्या निघाल्या. ऑक्टोबरात पुन्हा ठिपका सापडला, तेव्हा पुण्याला संस्थेच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, खरा असेल तर लवकर रिपोर्ट करा, नाहीतर दुसरं कोणी करेल. हाही खोटा निघाला तर दुर्बीण बंद.

"तपासलं कोणी?"

"तपासून घेतो," मी म्हणालो.

माळावर दुसरं माणूस म्हणजे शेजारच्या गोठ्याचे आप्पा. बिबट्याच्या भीतीने त्यांनी लावलेल्या हॅलोजनचा उजेड आमचे फोटो बिघडवायचा, त्यावरून आमचं वर्षभर वाजत होतं. तरी बोलावल्यावर आले. चूक काढायची आहे म्हटल्यावर खुशीत बसले.

रात्रभर फोटो घेताना आम्ही दर वेळी दुर्बीण किंचित सरकवतो. आप्पांनी ते फोटो मला पुढे-मागे करायला लावले.

"समदे तारे सरकत्यात. तुमचा एकटाच जागचा हलत न्हाई. ह्यो आभाळातला न्हाई भाऊ, मशिनीतला हाय."

कॅमेऱ्याचा एक पिक्सेल खराब झाला होता. ललिता सर्वांत आधी हेच पाहायची. मी पाहिलंच नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद करू लागलो. आप्पा उठेनात.

"आन् ह्यो? ह्यो बाकीच्यांसंगं सरकतोय. पर जुन्या फोटूत कुठं हाय?"

जुन्या फोटोत तो नव्हता. आता शोधणारे आप्पा होते, म्हणजे खोडायचं काम माझं. मी लघुग्रहांच्या आणि माहीत असलेल्या ताऱ्यांच्या याद्या धुंडाळल्या. खोडता येईना. खात्रीसाठी आणखी एका रात्रीचे फोटो हवे होते. आप्पांनी शेळ्या स्वयंपाकघरात बांधल्या आणि हॅलोजन बंद ठेवला. घरचे काय म्हणाले, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या रात्रीही ठिपका देवयानीत त्याच ठिकाणी होता. आप्पांच्या नावाने मी रिपोर्ट केला; आमच्या आधी कोणी कळवलेलं नव्हतं. पुढे एका मोठ्या दुर्बिणीने प्रकाश तपासून तो नोव्हाच असल्याचं सांगितलं. शोधकाचं नाव वाचून साहेबांनी विचारलं, हे कुठल्या विद्यापीठाचे? मी म्हणालो, शेजारचे.

ठिपका खरा निघावा असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती खोडरबर देऊ नये, एवढं मी शिकलो.

नोव्हा महिन्याभरात दिसेनासा झाला. दुर्बीण चालू आहे. आप्पा रोज सकाळी दहाला येतात.