सुधारतोस की तोडू?

"तुझी वैनी गेली. परसात. या." थोरल्या भावजींचा फोन एवढाच. पावसहून रत्नागिरीला पोचलो तोवर माझ्या थोरल्या जावेला ओटीवर निजवलं होतं. नखांत तांबडी माती तशीच होती. बायका ती काढायला लागल्या, मी काढू दिली नाही. महिना झाला, पण लिहायला बसले की रडू येण्याआधी रागच येतो...

त्यांच्या घरामागे नुसता जांभ्याचा कातळ. वैनींनी तो पहारीने फोडला. एकेका रोपासाठी खड्डा, त्यात डोक्यावरून आणलेली माती, वैशाखात वर झावळ्यांची सावली. अशी अबोली आली, अनंत आला, मिरवेल पोफळीवर चढली, अळू माजलं, केळीच्या आडोशाला जायफळाचं रोप जगलं. गोगलगाईंवर त्या मीठ ओतत, अळ्या बोटांनी चिरडत, आणि तोंडाने शिव्या चालू. बागकामाला शांत छंद म्हणणाऱ्यांनी आमच्या वैनींना पाहिलेलं नाही.

भावजी तेव्हा बोटीवर होते. सुट्टीवर आले की पीत आणि वैनींना मारत. हात दुखले की कोयती घेऊन बागेत शिरत. एकदा अबोलीचा सगळा वाफा कापला, एकदा मिरवेल मुळापासून. वैनी तोंडावरचं रक्त पुसून पुन्हा खड्डा खणायला बसत. "अंगावरचं भरून येतं गो," त्या म्हणाल्या होत्या, "पण कापलेली वेल भरून येत नाय. त्याला ते ठाऊक हाय, म्हणून कापतो."

आमच्याकडे फळ न धरणाऱ्या झाडाला धाक घालतात. एकीने कोयती उगारून "धरतोस की तोडू?" विचारायचं, दुसरीने झाडाच्या वतीने गयावया करायची, "नको, पुढच्या वर्षी धरेल." बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी, मी त्यांच्याकडे गेले असताना, परसातल्या फणसापुढे वैनींनी अशीच कोयती उगारली होती. मी तोंड उघडणार, तोच भावजी आले, प्यायलेले. वैनींचे केस धरून त्यांनी डोकं फणसावर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं, पण कोयती हातातून सुटली नाही. वैनी वळल्या तसे भावजी मागे सरले आणि केळीच्या बुंध्याशी पडले. वैनींच्या डोळ्यांत रक्त उतरत होतं.

"सुधारतोस की तोडू?"

नवऱ्याला त्यांनी तोंडावर अरेतुरे केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती.

"तोडा," मी म्हटलं.

कोयती खाली आली ती शेवटच्या क्षणी वळून केळीत घुसली. केळ भावजींच्या अंगावर आडवी झाली, तिच्या पाण्याने ते चिंब भिजले. त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही. देवाने बुद्धी दिली, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

परवा गेले तेव्हा भावजी पाइप धरून झाडांना पाणी घालत होते. पाइप एका बुंध्यावरून दुसऱ्यावर सरकवला. मग म्हणाले, "त्या दिवशी सोडलंन तिनं मला. माया होती गो तिची."

मी मान डोलावणार होते. पण ते फुटलेलं कपाळ डोळ्यांसमोर आलं...

"होती ना माया," मी म्हटलं. "तुमच्या मागं जायफळाचं रोप होतं. घाव निसटून तिथं बसला असता तर ते गेलं असतं, म्हणून हात वळवला. मला त्यांनीच सांगितलं."

भावजींनी वळून बघितलं. जायफळ आता कौलांच्या वर गेलं आहे. त्यांनी पाइप त्याच्या बुंध्याशी ठेवला आणि माझ्याकडे न बघता घरात गेले.