धड पायांचा माणूस

गजाभाऊ काळमेघच्या पोटऱ्या पाहण्यासारख्या. वय सदुसष्ट, केस पार उडालेले, दोन दाढा काढलेल्या, पण पाय असे की बाभळीचे खुंट. मूळचा दर्यापूरकडचा. भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि हबीबगंजच्या दोन खोल्यांतून रोज मंडीदीपपर्यंत एकतीस वर्षं सायकल हाणली. बस होती, पण बसमध्ये त्याचा जीव घाबरायचा. निवृत्त झाल्यावरही सायकल सुटली नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर बरोबरीचे लोक गुडघ्यांची रडगाणी गायला लागले की हा पायजमा वर सारायचा अन् पोटरीवर थाप मारायचा.

"पाहा. ज्वारी हाये वऱ्हाडची."

त्याची बायको कमलिनी म्हणायची, "थोडीशी डोक्यातबी गेली असती त बरं झालं असतं."

तर असा हा माणूस चोवीस डिसेंबरला सकाळी भोपाळच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीची वाट पाहत बसला होता.

खुर्ची त्याच्या पोराची, मंदारची अक्कल. मंदार बेंगळुरूला. त्याला मुलगा झाला म्हणून कमलिनी दिवाळीनंतरच तिकडे गेली होती. नाताळच्या सुट्टीत गजाभाऊनं जायचं, असं ठरलेलं. पण आदल्या वर्षी एकटा विमानानं जाताना गजाभाऊ चुकीच्या दारासमोर दोन तास बसून राहिला होता. घोषणा इंग्रजीत झाली की हिंदीत, ते त्याच्या कानात शिरलंच नाही. विमान गेलं. मंदार फोनवर इतकंच म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला साधं बसताबी येत नाही का?" एकतीस वर्षांत एकदाही कारखान्यात उशिरा न पोचलेल्या माणसाला ते वर्षभर टोचत होतं.

म्हणून यंदा पोरानं तिकिटातच व्हीलचेअर लिहून टाकली. बरेच जण म्हाताऱ्या आईबापांसाठी असंच करतात. ढकलणारं माणूस थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतं, चुकायची भीती नाही. "फक्त उठू नका," मंदार म्हणाला होता. "चालताना दिसलात की खुर्ची काढून घेतील. मग बसा पुन्हा भटकत."

त्या दिवशी धुकं असं की समोरची झाडं दिसत नव्हती. सकाळची सगळी विमानं मागं पडली, अन् धुकं उठल्यावर तीन विमानं एकाच वेळी निघायची वेळ आली. आत माणूसच माणूस. सुट्टीला निघालेली पोरंबाळं, ब्लँकेटं, रडारड. खुर्च्या मोजक्या. ज्यांना पाहिजे त्यांची यादी केली होती आणि सगळ्यांना एका बाकावर ओळीनं बसवलं होतं. गजाभाऊ पायजम्यात पाय आवळून, मफलर गुंडाळून बसला. आपल्या पायांकडे कुणी पाहू नये असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

शेजारी एक बाई. सत्तरीची, पांढरी शाल, हातात काठी, मांडीवर कापडी पिशवी. फोनवर मराठीत बोलत होती. फोन ठेवला आणि याच्याकडे वळली.

"तुम्ही पण बेंगळुरूच का?"

"हो."

"मराठी दिसता. मी इंदुमती देशकर. साकेत नगरला राहते." मग आवाज खाली करून, "पायाला काय झालं हो?"

गजाभाऊनं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "लकवा."

"अरे देवा. कोणता पाय?"

"दोन्ही."

एकदा बोललेला शब्द परत कसा ओढायचा? बाईचा चेहरा इतका उतरला की गजाभाऊनं मान दुसरीकडे केली.

मग तिनं स्वतःचं सांगितलं. ऑक्टोबरात गुडघा बदललेला. दहा पावलं चालायचं की बसायचं. मुलगी मंजूषा कॅनडात, तीन वर्षांनी आलेली. सुट्टी आठ दिवसांची, ती सासरी बेंगळुरूला. ती इकडे यायची, तर सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. आणि हिला डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली ती कालपासून. "उद्या पहाटे तिचं विमान," इंदुमतीबाई म्हणाली. "म्हणजे आजची रात्र काय ती आमची. मी तिला सांगितलंय, झोपायचं नाही म्हणून." पिशवीत स्टीलचा डबा होता, डिंकाच्या लाडवांचा. सामानात फुटतील म्हणून हातात घेतलेला.

तेवढ्यात निळ्या जाकिटातली एक बाई रिकामी खुर्ची ढकलत आली. यादी पाहिली. "इंदुमती जी?"

इंदुमतीबाई काठीवर जोर देऊन अर्धी उठली, अन् गजाभाऊकडे पाहून थांबली.

"पहले इनको ले जाओ. इनके पैर बिल्कुल ही नहीं चलते. मैं तो थोड़ा खड़ी हो लेती हूँ."

"नाही नाही, ताई, तुम्ही जा," गजाभाऊ म्हणाला. म्हणाला खरा, पण उठला नाही. उठला असता तर काम तिथंच संपलं असतं.

"चला हो, मी येतेच पुढच्या खुर्चीनं. ही पिशवी तेवढी मांडीवर घ्या, मला काठी आणि ही जमत नाही."

त्याला खुर्चीत बसवायला त्या जाकिटवालीनं बगलेत हात घातला. त्यानंही अंग सैल सोडलं, लकव्याचा माणूस सोडेल तसं. तपासणीपाशी शिपायानं विचारलं, पिशवी तुमचीच का? गजाभाऊनं मान हलवली. आता एक खोटं अन् दोन खोटी सारखीच.

दारासमोर त्याला नेऊन सोडलं. विमानाला अजून वेळ होता. गजाभाऊ मागं पाहत होता, पांढरी शाल काही येईना. दहा मिनिटं गेली. निळ्या जाकिटवाली धापा टाकत आली.

"दादाजी, आप यहाँ बेंच पर बैठ पाओगे? मैं सहारा देती हूँ. वो अम्माजी चलकर आ रही थीं, बीच में ही बैठ गईं. एक भी चेयर खाली नहीं है."

इथं होती खरी जागा. बाक चार हातांवर. गजाभाऊ या वयात झाडावर चढतो. पण समोर माणसं बसलेली, पाहत होती. उठलो तर ही बाई म्हणणार, अरे, हा तर चालतो. अन् मग ढकलणारं कोण? विमान पुन्हा गेलं तर? पोराचं ते बोलणं कानात वाजलं.

"नहीं बेटा," तो म्हणाला. "पैर में जान नहीं है."

ती पळत परत गेली.

मग घोषणा सुरू झाली. इंदुमती देशकर. यंदा मात्र एकेक अक्षर त्याच्या कानात शिरत होतं. तीनदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा गजाभाऊ विमानात, खिडकीपाशी. पट्टा लावलेला, मांडीवर दुसऱ्याचे लाडू. शेजारची जागा रिकामी होती. तिचीच असेल असं नाही, पण रस्ताभर त्यानं त्या जागेवर साधा हातसुद्धा टेकवला नाही.

बेंगळुरूला दारात पुन्हा खुर्ची उभी. पुन्हा बसला. बाहेर मंदार, कमलिनी, अन् त्यांच्याआधीच एक पस्तिशीची बाई पुढं आली. आईनं फोनवर खूण सांगितली होती, तपकिरी मफलर, चाकाची खुर्ची.

"काका, मी मंजूषा. आई म्हणाली, एका बिचाऱ्या काकांकडे डबा दिलाय." अन् ती वाकली. गर्दीत, सगळ्यांसमोर, तिनं त्याच्या दोन्ही पावलांना हात लावून नमस्कार केला. "आईला परवाचं तिकीट मिळत होतं. मी म्हटलं, आता नको. मी नसणारच."

गजाभाऊ आपल्याच चपलांकडे पाहत होता. मंजूषानं लाडू रुमालात बांधून घेतले, रिकामा डबा त्याच्या हातात दिला. आईचं नाव कोरलेला डबा, बाबांनी दिलेला, हरवायला नको. तुम्ही भोपाळचेच, तर कुणाच्या हाती पोचवाल का, तुम्ही स्वतः येऊ नका हो असल्या पायांनी. पत्ता लिहिलेली चिठ्ठी आत टाकली. गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत तो खुर्चीतच बसून राहिला.

"उठा आता," कमलिनी म्हणाली.

गाडीत त्यानं सगळं सांगितलं. मंदार म्हणाला, "बाबा, तिथं तरी उठायचं ना. मी असं थोडीच सांगितलं होतं." कमलिनीनं पोराला गप्प केलं आणि नवऱ्याकडे वळली.

"तुमच्या पायाले काय झालं होतं?"

"काही नाही."

"तेच इचारून रायली."

घरी गेल्यावर नातू मांडीवर घेताना गजाभाऊला बरं वाटायला पाहिजे होतं. पोरगं पावलं मारायचं, छातीवर, पोटावर, अन् कमलिनी कौतुकानं म्हणायची, आजासारखे पाय हायेत. तो पोराला तिच्याकडे देऊन गॅलरीत जायचा.

परत येताना दोघं रेल्वेनं आले. गजाभाऊनं विमानाचं नावच काढू दिलं नाही.

डबा हबीबगंजच्या घरात फळीवर पडून राहिला. साकेत नगर काय लांब आहे? तो दोनदा निघाला. एकदा मोठ्या दवाखान्याच्या फाटकापासून परतला, एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापासून. शेवटी संक्रांत आली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून कमलिनीनं त्यात तिळाचे लाडू भरले अन् झाकण दाबून सायकलच्या हँडलला अडकवला.

"कुणाच्या हाती देऊ नका," ती म्हणाली. "अन् सायकल दूर लावू नका."

इंदुमतीबाई अंगणात उन्हाला बसली होती. फाटक उघडून सायकल हातानं धरून येणारा माणूस तिनं आधी ओळखला नाही. मग मफलर ओळखला. मग ती खाली पाहत राहिली, त्याच्या पायांकडे, पायांवरून चाकांकडे.

"ताई, मले लकवा नव्हता," गजाभाऊ उभ्यानंच म्हणाला. "पोरानं भीतीपोटी खुर्ची सांगितली होती. पण खोटं मीच बोललो. अन् तुमच्यासाठी ती बाई खुर्ची मागायले आली होती. तवाबी मी उठलो नाही."

संक्रांतीला डबा देताना काहीतरी गोड म्हणायचं असतं. ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. नुसता डबा पुढं केला. तिनं घेतला, मांडीवर ठेवला, उघडला नाही.

"कधीपासून चालवता सायकल?"

"चाळीस वर्षं झाली असतील."

"बरं," ती म्हणाली. शेजारच्या गच्चीवर कुणी पतंगाची कन्नी बांधत होतं. गजाभाऊला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या तर बरं होईल.

"तुम्ही पाहिलंत ना मंजूला?" ती म्हणाली. "अगदी समोर होती म्हणे. फोनवर सगळी माणसं गुबगुबीत दिसतात, काही कळत नाही. कशी दिसत होती? वाळली का? डोळ्यांखाली काळं आहे का?"

गजाभाऊनं आठवून पाहिलं. चपला आठवल्या. फरशी आठवली. डबा धरलेले स्वतःचे हात आठवले. मान वर केल्याचंच आठवेना.

"पायाले लागले तवा तिचे हात गार होते, ताई," तो म्हणाला. "मले तेवढंच ठाऊक हाये."