मुलाखतीआधीचा गुलाल

माझी नोकरीसाठी निवड आधी झाली आणि मुलाखत नंतर.

नोकरी साधीसुधी नव्हती. शेअर बाजारात कोण कुणाला गंडवतंय यावर नजर ठेवणारी जी मोठी सरकारी संस्था मुंबईत आहे, तिच्यातल्या अधिकारीपदाची होती. पदव्युत्तर उमेदवारांसाठी जाहिरात निघते, दोन लेखी परीक्षा होतात आणि त्यातून जे उरतात त्यांना मुलाखतीला बोलावतात. मी कराडला एम.कॉम. केलं आणि मग पुण्याच्या एका अभ्यासिकेत दोन वर्षं खुर्ची धरून बसले. (धरून म्हणजे खरोखर धरून. चहाला उठलं की दुसरं कुणी बसायचं.) या दोन वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं आईला विचारलं होतं, "पोरगी करती काय पुण्यात?" आई म्हणायची, "अभ्यास." पाहुणे म्हणायचे, "अजून?" तेव्हा ही नोकरी मला हवी होती म्हणजे हवीच होती.

दुसऱ्या लेखीचा निकाल लागला आणि मी घरी फोन केला. फोन आप्पांनी उचलला. आप्पा म्हणजे माझे वडील, सैन्यातनं हवालदार होऊन परत आलेले, आता ऊस बघतात.

"आप्पा, दुसरी लेखी पास झाले."

आप्पा म्हणाले, "झालं म्हण की मग."

"आवं, अजून मुलाखत हाय."

"व्हय, ती असतीया," आप्पा म्हणाले आणि आईला हाका मारत फोन ठेवून दिला.

आता आप्पांचंही बरोबरच होतं. त्यांच्या वेळी सैन्यभरतीत आधी पळवलं, मग छाती मोजली, मग डॉक्टरनं तपासलं आणि सगळ्यात शेवटी लेखी घेतली. लेखी पास झाला की ट्रंक भरायची, विषय संपला. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात, त्यामुळं सगळ्या गावाचा भरतीचा अनुभव हाच. लेखी सुरुवातीला घेऊन नंतर माणसं गाळतात, असली उलटी भरती गावात कुणी पाहिलीच नव्हती. मुलाखत म्हणजे आप्पांच्या लेखी रुजू झाल्यावर साहेबानं नाव-गाव विचारणं.

मुलाखत मंगळवारी होती. त्याआधीच्या शनिवारी मी आईची कॉटनची साडी न्यायला गावी निघाले. आमचं घर सातारा जिल्ह्यात आणि ऊस सांगली जिल्ह्यात. मधे फाटा आहे, तिथून दोन्हीकडं रस्ते जातात. कराडहून आलेली एसटी फाट्यावर थांबली, मी उतरले, मान वर केली आणि समोर मीच उभी होते.

फ्लेक्स एसटीएवढा लांब होता. फोटो चुलत बहिणीच्या हळदीतला. माझ्या शेजारचे सगळे कापून टाकले होते, पण खांद्यावरचा कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. 'गावची सुकन्या कु. पल्लवी हिची अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून एकच माणूस, माझ्यापेक्षा मोठा, गॉगल लावून. संपतकाका. आणि त्यांच्या फोटोखाली पिवळ्या अक्षरांत: 'दरमहा खात्रीशीर परतावा. आजच भेटा.'

संपतकाका आप्पांच्या वर्गातले. कराडला त्यांचं एसी लावलेलं ऑफिस आहे. लोकांनी त्यांच्याकडं पैसे द्यायचे, ते म्हणे शेअर बाजारात घालणार आणि महिन्याच्या महिन्याला परतावा देणार. बाजार वर जावो नाहीतर खाली. आता माझ्या अभ्यासात दोन वर्षं मी दुसरं काय वाचलं होतं? शेअर बाजारात जो खात्रीशीर परतावा म्हणतो, त्याच्यापासून लोकांना वाचवायला तर ती संस्था! आणि तिच्या मुलाखतीला निघालेली मी त्याच माणसाच्या डोक्यावर हळदीची साडी नेसून हसत होते.

घरी पोचल्या पोचल्या मी सुरू झाले.

"आप्पा, त्यो फ्लेक्स काढा."

"का? फोटो बरा न्हाई आला?"

"मुलाखत व्हायचीया माझी. तितं नापास केलं म्हंजे?"

"लेखी पास झाल्यावर कोण नापास करतंय? तुला उगंच भ्या वाटतंय."

"आन् संपतकाका कशाला त्यावर?"

"फ्लेक्स त्येनंच केलाय. मला इचारलं बी न्हाई बिचाऱ्यानं. हल्ली कुणाच्या पोरीसाठी कोण करतंय गं एवढं?"

"आप्पा, त्या माणसाला उद्या आमचीच संस्था धरंल."

"मग तू हाईस की तितं," आप्पा शांतपणे म्हणाले. "समजुतीनं घे."

मी आईकडं पाहिलं. आई भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "आता काढला तर गाव म्हणंल, पोरगी नापास झाली. ऱ्हाऊं दे चार दिस."

आणि इथं मी गप्प बसले. 'पोरगी करती काय पुण्यात' हा प्रश्न परत नव्यानं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. चार दिवसांत कोण बघतंय, असा मीही विचार केला.

सगळ्यांनी बघितलं. कारण संध्याकाळी हलगी वाजायला लागली आणि दारात संपतकाकांची उघडी जीप येऊन उभी राहिली. मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या गळ्यात हार होता आणि डोक्यावर गुलाल. संपतकाका जीपमधे माझ्या शेजारी उभे राहून दोन्ही बाजूंना हात जोडत होते. निवड नक्की कुणाची झाली, हे परगावच्या माणसाला कळलं नसतं. जीप फाट्यापर्यंत गेली आणि फ्लेक्सखाली माझा फ्लेक्सबरोबर फोटो काढला. घरी आले तेव्हा मी टाचेपर्यंत गुलाबी होते.

तो गुलाल कसला होता देव जाणे. आईनं बेसन लावलं, दही लावलं, खोबरेल चोळलं. रविवारभर माझं हेच चाललं होतं. शेवटी तोंड गव्हाळ झालं, पण कान आणि केसांचा भांग काही मागं हटेनात. आई कान चोळता चोळता सहज म्हणाली, "आमच्या गटातल्या बायका म्हणत्यात, बचतीचं पैसं संपतभावजींकडं ठिवूया. पल्लवीचा फोटो हाय म्हणल्यावर बुडायचं न्हाईत."

"आई, एक पैसा ठिवू नका."

"मग तसं त्या फ्लेक्सवर लिवायला पायजे हुतं," आई म्हणाली आणि दुसरा कान धरला.

मंगळवारी मुंबईला आप्पा माझ्याबरोबर आले. अंगात ब्लेझर, छातीवर पदकांच्या पट्ट्या, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा मोठा बॉक्स. स्वागतकक्षातल्या बाईंनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, इथं आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही. आप्पा म्हणाले, "आवं लाच न्हाई ती, प्रसाद हाय." तरी त्यांनी घेतला नाही. मग आप्पांनी बॉक्स घेऊन बसलेल्या उमेदवारांकडं मोर्चा वळवला. "घ्या, घ्या. आमच्या पोरीचं झालं. तुमचं बी हुईल." सगळी पोरं पेढा हातात धरून माझ्याकडं बघायला लागली. एकानं हळूच विचारलं, "निकाल आधीच लागलाय का?" मी जमिनीकडं पाहत राहिले.

मुलाखत इंग्रजीत झाली. मी इथं मराठीत सांगते, कारण इंग्रजीत ती याहून वाईट होती. टेबलापलीकडं पाच जण. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक मॅडम आणि कडेला एक बारीक गृहस्थ. हे गृहस्थ कागदाकडं न बघता माझ्या डोक्याच्या बाजूला बघत होते. पहिले दोन प्रश्न बरे गेले. मग मॅडमनीच विचारलं, "तुमच्या कानांना काही झालंय का?"

"नाही मॅडम. गुलाल आहे."

"कशाचा?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण सुचलं नाही. "निवड झाल्याचा."

"अरे वा. कुठं निवड झाली?"

"इथं," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला सगळं सांगावं लागलं. भरतीतली लेखी, फ्लेक्स, जीप, हलगी. चौघं हसत होते, एक जण तर टेबलावर वाकून. मला जरा धीर आला. वाटलं, चला, हसले म्हणजे निम्मं काम झालं. ते बारीक गृहस्थ मात्र हसले नव्हते.

"या फ्लेक्सवर आणखी कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

मी संपतकाका सांगितले. पिवळी अक्षरंसुद्धा सांगितली.

"उद्या तुम्ही इथं अधिकारी आहात. या फ्लेक्सची तक्रार आली. काय कराल?"

हे मला येत होतं. मी घडाघडा बोलले. जे झालेलं नाही ते झालं म्हणून जाहीर केलंय, त्यावर विसंबून लोक पैसे गुंतवतील, आमच्या आईच्या बचत गटातल्या बायका निघाल्याच आहेत, तेव्हा पहिल्यांदा फ्लेक्स उतरवायचा आणि मग त्या माणसाची चौकशी. नियमसुद्धा सांगितला. वडिलांना समज देऊन सोडावं, असंही मधे घुसडलं.

"उत्तर चांगलं आहे," ते म्हणाले. "फ्लेक्स उतरवला?"

"नाही."

"का?"

"गावाला वाटलं असतं, मी नापास झाले."

त्यांनी फक्त मान हलवली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. मी पाणी प्यायले. आभार मानून बाहेर आले.

"झाली का ओळख?" आप्पांनी विचारलं.

"झाली. आप्पा, फ्लेक्स काढायचा. आत्ताच्या आत्ता."

आप्पांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. बॉक्समधे राहिलेले पेढे उगाच नीट लावत बसले. मग म्हणाले, "माझ्यामुळं गेली व्हय गं?"

इतका भाबडा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. माझा सगळा राग तिथंच विरला. "न्हाई आप्पा. तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं हुतं की."

त्यांनी आईला फोन लावला. "आगं, फ्लेक्स काढ." पलीकडून आईनं काहीतरी विचारलं. "म्हणूं दे नापास. काढ तू."

आईनं गटातल्या बायकांना हाताशी धरून कोयत्यानं दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकला. संपतकाकांनी आप्पांशी बोलणं सोडलं. गाव मात्र बोलायला लागलं. मुंबईला गेली आणि त्याच दिवशी फ्लेक्स उतरला, यातनं जे समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. बायका आईला धीर द्यायला येऊ लागल्या. एकीनं तर माझ्यासाठी स्थळ आणलं, "नोकरी न्हाई लागली तरी चालंल त्यास्नी." बचत गटाचे पैसे मात्र वाचले. बायका म्हणाल्या, जिच्या जिवावर ठेवणार होतो तिचंच खरं निघालं नाही, मग संपतरावांचं काय धरून बसायचं?

आणि मग निकाल लागला. माझी खरोखर निवड झाली होती.

मी फोन केला. आप्पांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नक्की का?"

"नक्की. यादीत नाव हाय."

"मग कुणाला सांगू नगं. आदी हजर हो."

मी हजर झाले. पगार सुरू झाला. मग आईनं गटात सांगितलं. बायका मायेनं म्हणाल्या, "व्हय व्हय, लागंल की. धीर धर." आप्पांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मागच्या बारीला बी असंच म्हणत हुतासा." दिवाळीला मी ओळखपत्र गळ्यात घालून गेले. आमच्या शेजारच्या काकूंनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि प्रेमानं परत माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, "हल्ली काय बी छापून मिळतंय बाई."

सध्या मी लोकांना सावध करणाऱ्या विभागात आहे. गावोगाव जायचं आणि सांगायचं, समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो, स्वतः खात्री केल्याशिवाय त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरून येतात. अख्ख्या सातारा-सांगलीत माझा उपदेश तंतोतंत पाळणारं एकच गाव आहे, आणि तिथं मी आजही नापास आहे.