रावसाहेबांचा चहा

लालबागमधली आमची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. बुटकी आम्हा जुन्या भाडेकरूंची, उंच नव्या मालकांची. फाटके वेगळी. गणपती मात्र एकच, म्हणून नाटकही एकच. यंदा एक जुने सामाजिक नाटक ठरले. त्यात रावसाहेब, त्यांच्या खुर्चीमागे उभी राहणारी पत्नी आणि घरचा गडी.

गिरणगावातल्या हौशी नाटकांत मी तरुणपणापासून गडीच झालो. पुढे पालिकेच्या शाळेत शिक्षक झालो. तरी मंडळाच्या लेखी मी गिरणीत माग चालवणाऱ्या साचेवाल्याचा मुलगा. साहेब व्हायला दादरचे कारकून येत. तबक धरणे, पाठ न दाखवता विंगेत जाणे, हे मला चांगले येई. एकदा तरी खुर्चीत बसायला मिळावे असे वाटे. हे फक्त माझ्या पत्नीला ठाऊक होते.

यंदा ते मिळाले. दिग्दर्शिका उंच इमारतीतली, माझ्या नातीच्या वयाची मुलगी. तिला नेहमीची वाटणी उलटी करायची होती. "काका, तुम्ही रावसाहेब. गडी आमच्याकडचा." गडी म्हणून आलेले गृहस्थ बँकेत मोठे अधिकारी होते.

पहिल्याच प्रवेशात रावसाहेब वर्तमानपत्र वाचत पत्नीशी बोलतात आणि गडी चहा आणतो. कप घ्यायचा, बोलणे चालू ठेवायचे. तेवढेच मला जमेना. कप पुढे आला की माझी मान वर होई आणि मी खुर्चीतून किंचित उठे.

"काका, उठू नका ना. त्याच्याकडे बघू पण नका. तो तिथे नाहीच आहे असं समजा."

मी पुन्हा उठलो.

"सर, आत्ता तर तुम्ही मला थँक यू म्हणालात," गडी म्हणाले. सगळे हसले.

मुलीने मला बाजूला घेतले. "शनिवारपर्यंत बघू या, काका. नाहीच जमलं तर अदलाबदल करू. गडी काय, तुम्ही मस्तच करता." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हते.

घरी येऊन वर्तमानपत्र उघडले आणि पत्नीला हे सांगितले. ती हसली नाही.

"घरात बरा जमता तुमका! चाय कोणी आणून दिली, कधी मान वर करून बघितलात?"

माझ्या हातात कप होता. तो केव्हा आला हे खरोखरच आठवेना.

"मग थंयसर तसाच करा," ती म्हणाली. "मीच चाय घेऊन इलंय असा समजा. हातातलो पेपर सोडू नकात."

ती रागावली होती की शिकवत होती, हे मला कळले नाही.

शनिवारच्या तालमीत पत्नीने सांगितले तसे केले. कप हातात आला. मी वाचत राहिलो, बोलत राहिलो.

"परफेक्ट! काका, हे कुठून आणलंत?"

"घरून," मी म्हणालो. पुन्हा सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

प्रयोग मंडपात झाला. चहाच्या प्रसंगाला हशा अपेक्षित नव्हता, पण आमच्या इमारतीतल्या बायकांच्या रांगांतून तो आला. पत्नी तिथेच बसली होती. ती हसली का, हे दिव्यांच्या झोतामुळे दिसले नाही.

पडदा पडल्यावर बँकेतले गृहस्थ भेटले. "सर, काय काम केलंत! मी तिथे नाहीच असं मला खरंच वाटलं." त्यांनी हे कौतुकाने म्हटले. मी आभार मानले. आपण कशाचे आभार मानतो आहोत, ते उमगेना.

पत्नी माझ्यासाठी न थांबता घरी गेली होती. मी पोचलो तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. एरवी मी तिथे थांबत नाही.

"काय होया?" तिने वळून विचारले.

मी मान वर करून तिच्याकडे बघितले.